दुर्बीण, जाळी आणि तालुक्याचं गाव

कर्नाटकातलं नंजनगूड हे दुखणं घेऊन येणाऱ्यांचं गाव आहे. कपिला नदीत स्नान करून श्रीकंठेश्वराच्या देवळाभोवती लोटांगण घालणारे भाविक इथे वर्षभर दिसतात. टिपू सुलतानाच्या हत्तीचा डोळा या देवाच्या कृपेनं बरा झाला आणि सुलतान त्याला ‘हकीम नंजुंडा’ म्हणू लागला, अशी आख्यायिका आहे. बी. व्ही. पंडितांचं आयुर्वेदिक दंतमंजनही याच गावचं. देव आणि वैद्य या दोघांवर भरवसा असलेल्या अशा गावात एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगावी लागते. मोठ्या माणसाचा जांघेतला हर्निया काढ्यानं, लेपानं किंवा पट्टा बांधून बरा होत नाही. तो बुजवायचा तर शस्त्रक्रियाच करावी लागते. आणि ती नंजनगूडसारख्या तालुक्याच्या गावातल्या माणसाला कुठे, कशी आणि किती खर्चात मिळावी, हा मला दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेच्या करामतीपेक्षाही मोठा प्रश्न वाटतो.

पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून चरबी किंवा आतड्याचं वेटोळं बाहेर डोकावतं, त्याला हर्निया म्हणतात. बेंबीत होतो, जुन्या ऑपरेशनच्या व्रणात होतो, पण सर्वांत जास्त होतो तो जांघेत. मुलगा आईच्या पोटात असताना अंडकोष ज्या वाटेनं खाली उतरतात, ती वाट पुरुषाच्या पोटाच्या भिंतीत जन्मभर कच्चीच राहते. म्हणूनच आयुष्यभरात किमान एक चतुर्थांश पुरुषांना हा त्रास होतो, बायकांमध्ये प्रमाण जेमतेम शेकडा ३ ते ६. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, कुंथून लघवी करायला लावणारी प्रोस्टेटची गाठ, यांनी पोटातला दाब वाढतो आणि कच्ची जागा सुटते. आडवं झालं की फुगवटा आत जातो, म्हणून माणूस वर्षानुवर्षं दुर्लक्ष करतो. जागाही अशी, की घरात सांगायला संकोच वाटतो.

लगेच ऑपरेशन करावंच का? अमेरिकेत ७२० पुरुषांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. फारसा त्रास नसलेल्यांनी काही काळ थांबलं तरी आतडं अडकण्याचा धोका फार कमी, असं त्यात दिसलं. पण पुढे दहा वर्षांच्या आत थांबलेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांनी ऑपरेशन करूनच घेतलं, बहुतेकांनी दुखायला लागलं म्हणून. बायकांना मात्र ही मुभा नाही. त्यांच्यात मांडीच्या मुळाशी होणारा हर्निया तुलनेनं अधिक आढळतो आणि तो फार लवकर अडकतो.

इटलीच्या बास्सिनी यांनी १८८०च्या दशकात जांघेची भिंत नीट शिवण्याची रीत बसवली. टाके ताणले जात, काहींचा हर्निया परत येई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिप्रॉपिलीनची जाळी आली आणि लिक्टनस्टाइन यांनी ताण न देता जाळीचा तुकडा बसवण्याची पद्धत रूढ केली. दुर्बिणीची शस्त्रक्रिया भारतात रुजवली ती मुंबईच्या डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी. १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि पुढे हर्नियाही याच वाटेनं गेला.

यात सहसा तीन लहान छिद्रं पाडतात. कार्बन डायऑक्साइडनं जागा फुगवतात, कॅमेरा आत जातो आणि साधारण १० बाय १५ सेंटिमीटरची जाळी स्नायूंच्या मागच्या बाजूनं पसरतात. एक पद्धत पोटाच्या पोकळीतून जाते, दुसरी पोकळीत न शिरता भिंतीच्या थरांमधूनच वाट काढते. एकच जाळी जांघेतल्या सगळ्या कच्च्या जागा झाकते. दुखणं कमी, कामावर परतणं लवकर. दोन्ही बाजूंचा हर्निया त्याच छिद्रांतून दुरुस्त होतो. समोरून केलेल्या ऑपरेशननंतर परत आलेला असेल, तर मागची वाट कोरी असल्यानं दुर्बीण फार उपयोगी पडते. बायकांसाठीही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं तिचीच शिफारस करतात. मात्र पूर्ण भूल लागते, उपकरणं महाग असतात आणि हात बसायला सर्जनला पुष्कळ ऑपरेशनं करावी लागतात.

म्हणून मला धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा फार मोलाचं वाटतं. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांना बाजारातली जाळी गरिबांच्या आवाक्याबाहेरची दिसली. मच्छरदाणीचं कापडही तशाच प्लास्टिकचं असतं, हे ओळखून त्यांनी ते निर्जंतुक करून वापरलं आणि इतर सर्जनांना सोबत घेऊन २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त मांडले. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी अर्थातच चालत नाही, आणि निर्जंतुक करताना तापमानही सांभाळावं लागतं, नाहीतर कापड आक्रसतं. ही कल्पना आफ्रिकेत गेली. युगांडात ३०२ पुरुषांवर महाग आणि स्वस्त जाळीची तुलना झाली. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला, की वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया परतला, महाग जाळीच्या गटात एकाचाही नाही, आणि हा फरक नगण्य होता. एका जाळीची किंमत सव्वाशे डॉलर, दुसरीची एका डॉलरहूनही कमी. दोंडाईच्याचं हे काम आपल्या शाळकरी मुलांना ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

नंजनगूडहून म्हैसूर सुमारे २५ किलोमीटर. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं कृष्णराजेंद्र रुग्णालय तिथे आहे. जेएसएस रुग्णालयही तिथेच, आणि ती संस्था ज्या सुत्तूर मठाची, तो मठ नंजनगूड तालुक्यातलाच. दोन्ही बाजूंचा किंवा परत आलेला हर्निया असेल, तर रुग्णानं मोठं रुग्णालय गाठावं. एकाच बाजूचा, पहिल्यांदाच झालेला असेल, तर जवळच्या अनुभवी सर्जननं जागेवरची भूल देऊन समोरून बसवलेली जाळी ही मुळीच दुय्यम प्रतीची दुरुस्ती नव्हे. आणि फुगवटा आत जाईना, कडक होऊन दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर दुर्बीण की चिरा हा विचार बाजूला ठेवून थेट सर्वांत जवळचं शस्त्रक्रियागृह गाठावं. उशीर झाला तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि मग आतड्याचा तुकडाच कापून काढावा लागतो.