मातीचे मूक साक्षीदार

यमुना व हिंडन या नद्यांमधील गाळाच्या जमिनीवर १९७६ साली नोएडा नगराची स्थापना झाली. अशा नगरातील उद्यानाची हिरवळ पाहून खालची माती निरोगी असल्याचा समज सहज होतो; परंतु खतपाण्याच्या बळावर निकृष्ट मातीतही हिरवळ तग धरते. खरी साक्ष मिळते ती मातीतील सूक्ष्म संधिपाद प्राण्यांची.

कोलेंबोला व माइट हे प्राणी कुजणारा पाला व बुरशी खाऊन पोषक द्रव्ये मोकळी होण्यास साहाय्य करतात. खोल थरातील कोलेंबोला फिकट, पंखहीन व बहुधा नेत्रहीन असतात. मातीच्या कणांमधील पोकळ्या हेच त्यांचे घर. यंत्रांच्या भाराने त्या मिटल्या की त्यांना दूर पळता येत नाही.

जाळीवर माती ठेवून वर दिवा लावावा. उष्णता व शुष्कता टाळण्यासाठी हे प्राणी खाली सरकतात व नरसाळ्यातून मद्यार्कात पडतात. इटलीतील शास्त्रज्ञ पारिसी यांनी २००१ साली मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक गटास भूमिगत जीवनाशी असलेल्या अनुकूलनानुसार १ ते २० गुण देतात. बेरीज जितकी मोठी, तितकी माती अक्षुब्ध.

म्हणून बांधकामापूर्वी मातीचा वरचा थर जपून ठेवणे अगत्याचे होय. हिरवळ लवकर उगवते. हे रहिवासी मात्र सावकाश परततात.