कलाभवन ते लालबाग

बडोद्याच्या मराठी घरांत मे आणि जून हे महिने आमरसाचे आणि गुणपत्रिकांचे. दांडिया बाजार असो, रावपुरा असो की मकरपुऱ्याकडची नवी वसाहत, बारावीचा निकाल हाती आला की 'पुढे काय?' हा एकच प्रश्न ओसरीपासून देवघरापर्यंत फिरत राहतो. पूर्वी त्याची उत्तरे दोनच होती, डॉक्टर किंवा इंजिनिअर. अलीकडे तिसरे उत्तर ऐकू येते. अभियांत्रिकी आणि व्यवसाय-व्यवस्थापन यांची सांगड घालणारा पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा, एका प्रवेशात दोन्ही विद्या पदरात पाडून घ्याव्यात, असे मुले म्हणतात आणि पालक विचारात पडतात. मुलगा सतरा वर्षांचा, फी लाखांच्या घरातली, आणि घरात धंद्याचा वारसा नाही. अशा वेळी निर्णय कोणत्या आधारावर घ्यावा, असे आम्हांला अनेकांनी विचारले आहे.

गंमत अशी की हा प्रश्न आपल्या गावाला मुळीच नवा नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ बडोदे तो सोडवीत आले आहे.

१८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले आणि त्याची धुरा प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्यावर सोपविली. गज्जर रसायनशास्त्राचे अध्यापक. पण नुसते पुस्तकी पंडित नव्हेत. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, सुतारकाम, चित्रकला असे नाना विषय त्यांनी एका छपराखाली आणले आणि ते विद्यार्थ्याला त्याच्या भाषेतून शिकवावेत असा आग्रह धरला. कारागिराच्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून त्याला शास्त्र शिकता येऊ नये, हे त्यांना मान्य नव्हते. महाराजांचा रोखही स्पष्ट होता. १९०२ साली अहमदाबादेस औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन करण्यास ते गेले, तेव्हा त्यांच्या भाषणाचा विषय देशातील उद्योगधंदे हाच होता. संस्थानाला नुसते कारकून नको होते, कारखाने हवे होते.

झाले मात्र थोडे निराळेच. शिकलेल्या माणसाला राज्यकारभाराने आपल्याकडे ओढून घेतले. अरविंद घोषांचे बडोद्यातील स्नेही खासेराव जाधव यांना इंग्लंडला शेतकीच्या शिक्षणासाठी पाठविण्यात आले; परत आल्यावर ते सुभ्याच्या हुद्द्यावर चढले. म्हणजे तंत्र शिकून व्यवस्थापनात गेलेला मराठी माणूस आमच्याकडे एकोणिसाव्या शतकातच तयार झाला होता! फरक इतकाच की ते व्यवस्थापन सरकारी होते. त्यात नफा-तोटा खिशाला लागत नाही.

स्वतः गज्जर १८९६ साली कलाभवन सोडून मुंबईस गेले. मुंबईतील राणीच्या पुतळ्यावर चापेकर बंधूंनी डांबर ओतले होते. तो डाग भल्याभल्यांना निघेना, तो गज्जरांनी काढला, ही हकीकत जुन्या पिढीला ठाऊक असेल. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेतून जी माणसे तयार झाली त्यांत एक मराठी नाव आहे, आणि बडोद्यातील मराठी मंडळी ते विसरतात याचे आम्हांला नेहमी नवल वाटते. हे नाव म्हणजे अ. श्री. कोटीभास्कर. १९०७ साली अलेंबिक केमिकल वर्क्स ही कंपनी उभी राहिली ती गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल दाजीभाई अमीन या तिघांच्या मेळाने. गुजराती गुरू, एक मराठी शिष्य आणि एक पाटीदार शिष्य. 'मराठी माणसाला धंदा येत नाही' हे वाक्य ज्यांच्या तोंडी सदैव असते त्यांनी गोरव्याच्या रस्त्याने जाताना या गोष्टीची आठवण ठेवावी. त्यानंतर वर्षभरातच, १९०८ च्या जुलैत, महाराजांनी बँक ऑफ बडोदा स्थापन केली. कसब शिकविणारी शाळा आधी निघाली होती. आता भांडवल पुरविणारी पेढीही आली.

कलाभवनाचाच आणखी एक विद्यार्थी घ्या. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, मुंबईचे जे. जे. स्कूल सोडून १८९० साली बडोद्यास आले आणि येथे चित्रकला, वास्तुकला, मूर्तिकाम, छायाचित्रण असे मिळेल ते शिकले. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' हा त्या हातांचा चमत्कार होता. फिल्म स्वतः धुवायची, नटांना स्वतः शिकवायचे. पण १९१८ साली भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, आणि खर्च कोणी ठरवायचा, अधिकार कोणाचा, या वादांत दादासाहेब वर्ष-दीड वर्षात बाहेर पडून काशीला निघून गेले. १९२२ च्या सुमारास परत आले खरे, पण पहिला जोम गेला होता. १९४४ साली नाशकात ते वारले, तेव्हा ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला होता तो दुसऱ्यांच्या हाती भरभराटीला आलेला होता. यात भागीदार वाईट आणि कलावंत साधा, अशी सोपी वाटणी आम्ही करणार नाही. खर्चाचा अंदाज आणि भागीदारीचा करार या गोष्टीही शिकाव्या लागतात, आणि त्या कॅमेऱ्याच्या विद्येत आपोआप येत नाहीत, एवढेच यातून दिसते.

ही उणीव केवळ आपलीच होती असे नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेने १९१४ साली अभियंत्यांना कारभार शिकविण्यासाठी वेगळा अभ्यासक्रम सुरू केला; पुढे त्यातूनच तेथील व्यवस्थापन विद्यालय वाढले आणि त्याला स्लोन यांचे नाव मिळाले. हे आल्फ्रेड स्लोन त्याच संस्थेचे विजेच्या शाखेचे पदवीधर आणि जनरल मोटर्सचे सर्वेसर्वा. आपल्याकडे १९६१ साली कलकत्त्याची भारतीय व्यवस्थापन संस्था या स्लोन विद्यालयाच्या साहाय्याने आणि अहमदाबादची हार्वर्डच्या साहाय्याने निघाली. अहमदाबादच्या संस्थेमागे विक्रम साराभाई होते. बडोद्यातील ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप ही बाजारपेठेचा शास्त्रीय अभ्यास करणारी संस्थाही त्यांचीच उभारणी. या सगळ्यांत आपल्या मुलांनी जो मार्ग पकडला तो असा: चार वर्षे अभियांत्रिकी, दोन-तीन वर्षे नोकरी, मग दोन वर्षे व्यवस्थापन. अजूनही व्यवस्थापन संस्थांच्या वर्गांत अभियंत्यांचीच गर्दी असते. पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम या लांब वाटेला आडवाट काढतो. मुंबईच्या नरसी मोनजी संस्थेचा एम.बी.ए. टेक. हा त्यातला नावाजलेला. तो खानदेशात शिरपूरलाही चालतो, म्हणजे बडोदेकरांना फार दूर नाही. शिवाय २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एका वेळी दोन पदव्यांचा अभ्यास करण्यासही मुभा दिली आहे.

या जोडविद्येत नेमके शिकायचे काय असते, हे पुष्कळ पालकांना नीट ठाऊक नसते. 'मॅनेजमेंट म्हणजे सूट घालून माणसांवर देखरेख' अशी एक समजूत आहे. म्हणून मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, एका लहान कारखान्याला दहा लाखांच्या झडपा बनविण्याचे काम मिळाले. पोलाद सहा लाखांचे, ते रोखीने घ्यावे लागते. मजुरी, वीज, भाडे मिळून दोन लाख. कागदावर नफा दोन लाख. आता गिऱ्हाईक पैसे देणार तीन महिन्यांनी. आठ लाख रुपये तीन महिने अडकले, बँकेचे व्याज बारा टक्के धरले तर चोवीस हजार तेथेच गेले. त्यात शंभरातल्या दहा झडपा तपासणीत नापास होऊन परत आल्या, की आणखी लाख रुपये बुडाले. उरले शहात्तर हजार. झडप गळू नये हे यंत्रशास्त्र. दहा नापास झडपांची किंमत नफ्याच्या निम्म्याइतकी असते हे ज्याला कळते त्याला आम्ही दोन्ही विद्या येतात असे म्हणू. लहान उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत चुकते करावेत असा २००६ च्या कायद्याचा दंडक आहे, हेही त्याला ठाऊक हवे, आणि तो दंडक मोठ्या गिऱ्हाइकाला दाखवायचा की नाही याचा विवेकही हवा! हा शेवटचा विषय कोणत्याच विद्यापीठात शिकवीत नाहीत. शेजारच्या गुजराती घरातला मुलगा तो गल्ल्यावर बसून शिकतो. आपला मुलगा त्या वयात शिकवणीला गेलेला असतो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात गतवर्षी हाच वाद चांगला आठवडाभर रंगला. मुलीला जोड अभ्यासक्रम हवा, वडिलांना साधी अभियांत्रिकी, आणि आईला मुलगी गावातच राहिलेली हवी. प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा सर्वांचे ऐकून शेवटी म्हणाले, "ताई, आधी लेथ चालवायला शीक, मग माणसं चालव." त्यावर नात ताडकन उत्तरली, "आजोबा, तुमच्या कारखान्यात लेथ चालवणारे पुष्कळ होते. नवी लेथ घ्यायची की जुनीच दुरुस्त करायची, हे कोण ठरवत होतं?" आजोबा हसले आणि गप्प बसले. आमच्या मते तो प्रश्न गप्प बसण्यासारखाच होता.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, या प्रश्नाचे सर्वांत जुने उदाहरण आपल्या पंचक्रोशीतच आहे. खंडेराव महाराजांच्या काळी, १८६२ साली, मियागाम ते डभोई अशी अरुंद रुळांची लोहमार्गाची वाट तयार झाली. या देशातली ती अशा प्रकारची पहिलीच. रूळ स्वस्तात हलके घातले. लगेच एंजिने आणली तर त्यांचा भार रुळांना पेलेना, म्हणून गाडी बैलांकडून ओढवावी लागली. पुढे १८७३ च्या सुमारास जड रूळ घातले तेव्हा एंजिने नीट धावू लागली. रुळांत वाचविलेला पैसा पुढे दुप्पट खर्चावा लागला की नाही हे त्या वेळच्या दप्तरालाच माहीत. पण एंजिनाचे वजन आणि रुळाची किंमत यांचा विचार एकाच टेबलावर व्हायला हवा होता, हे आज शाळकरी मुलालाही पटेल.

आणि याच गावात आता तो विचार एका छपराखाली शिकविला जातो. लालबागेतील प्रतापविलास राजवाडा १९५२ पासून रेल्वेच्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्याच आवारात २०१८ साली राष्ट्रीय रेल्वे व परिवहन संस्था सुरू झाली. पहिल्या वर्षी विद्यार्थी एकशे तीन, आणि अभ्यासक्रम दोन: एक वाहतुकीच्या तंत्राचा, दुसरा वाहतुकीच्या व्यवस्थापनाचा. २०२२ साली संसदेच्या कायद्याने तिचे गतिशक्ती विश्वविद्यालय झाले. हे रेल्वे मंत्रालयाच्या आधिपत्याखालील केंद्रीय विद्यापीठ आहे. अभियांत्रिकीच्या पदव्या आल्या, त्यांना देशपातळीवरील जे.ई.ई. परीक्षेतून प्रवेश मिळतो. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदव्याही आल्या. २०२३ साली एअरबसशी करार झाला, आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात बडोद्यात सी-२९५ विमानांच्या जुळणीचा कारखाना उघडला.

सर्व विषयांवर व्यवस्थापनाचा मुलामा देणाऱ्या सरसकट जोड पदवीपेक्षा ही तऱ्हा आम्हांला अधिक भावते. मालगाडी वेळेवर पोचवायची तर सिग्नलचे तंत्र आणि डब्यांचा हिशेब वेगळे करताच येत नाहीत. विषयच जोडलेला आहे, पदवी मागाहून जोडलेली नाही. ज्या मुलाला कोणत्याही एका उद्योगाचे वेड नाही, त्याने आधी चार वर्षे एक तंत्र घट्ट शिकावे, सुट्टीत एखाद्या लहान कारखान्याच्या हिशेबनिसाजवळ बसावे, आणि व्यवस्थापनाचा विचार तेविसाव्या वर्षी करावा. कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा म्हणून उभे आहे, १९४९ पासून. तेथील शिक्षणाचा खर्च अजूनही मध्यमवर्गीय घराला झेपण्यासारखा आहे, हा विचारही हिशेबात धरावा.

तरीही ज्यांचे मन पाच वर्षांच्या अभ्यासक्रमावरच बसले आहे त्यांनी पैसे भरण्याआधी कार्यालयात तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. शेवटी हाती एक पदवी पडणार की दोन, आणि त्यांवर नेमकी कोणती नावे छापली जाणार? चौथ्या वर्षाअखेर मुलाला थांबावेसे वाटले तर तोवरच्या शिक्षणाला कोणते प्रमाणपत्र मिळेल? आणि कारखान्यात प्रत्यक्ष काम किती महिने, त्याची जागा संस्था शोधून देणार की विद्यार्थ्याने शोधायची? वर उल्लेखिलेल्या मुलीने हे तिन्ही प्रश्न विचारले. दोन संस्थांनी पत्राने उत्तर दिले, तिसरीने रंगीत माहितीपुस्तक पुन्हा एकदा पाठविले.