गुणसूत्रं कुठे आहेत, हे पेशीला कोण सांगतं?

मृगाचा पाऊस झाला की लातूर-नांदेडच्या काळ्या रानात सोयाबीनची पेरणी सुरू होते. ओल मिळताच बी फुगतं, मुळाचा कोंब बाहेर येतो आणि त्याच्या टोकाशी पेशी विभागू लागतात. सोयाबीनच्या प्रत्येक पेशीत ४० गुणसूत्रं असतात. आंतरपीक म्हणून घेतलेल्या तुरीत ती २२, तर नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून आलेल्या ‘नांदेड-४४’ या संकरित कापसात ५२. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची दुसरी प्रत तयार होते आणि मग दोन्ही नव्या पेशींना एकेक पूर्ण संच मिळतो.

हे वाटप करायचं तर गुणसूत्रं नेमकी कुठे आहेत, हे कळायला हवं. पेशीला ना डोळे, ना हात. तरीही तिला ते कळतं. आणि कळतं ते ‘रॅन’ नावाच्या एका लहानशा प्रथिनामुळे. माणसातला रॅन अवघ्या २१६ अमिनो आम्लांचा असतो, आणि त्याचे अगदी जवळचे भाऊबंद वनस्पतींत आणि यीस्टमध्येही सापडतात.

रॅनच्या दोन अवस्था असतात. त्याच्याशी जीटीपी हा ऊर्जावान रेणू जोडलेला असतो, किंवा त्याच जीटीपीतला एक फॉस्फेट निघून उरलेला जीडीपी. बदल एवढाच. मात्र तो घडवणाऱ्या दोन प्रथिनांच्या जागा वेगळ्या आहेत आणि सगळी किमया तिथेच आहे. रॅनला जीटीपी मिळवून देणारं आरसीसी-१ हे प्रथिन गुणसूत्रांनाच चिकटून बसतं. जीटीपी तोडायला लावणारं रॅनगॅप केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात असतं. रॅनला स्वतःच्या बळावर जीटीपी तोडणं फार जड जातं; रॅनगॅप तो वेग लाखभर पटीने वाढवतं. त्यामुळे जीटीपीवाला रॅन जिथे भरपूर, तिथे गुणसूत्रं जवळ. जिथे तो नाही, तिथे ती दूर. पेशीच्या आतला हा रासायनिक नकाशाच म्हणायचा.

एरवी हा नकाशा केंद्रकाच्या दारावर उपयोगी पडतो. केंद्रकाच्या पटलाला शेकडो, कधी हजारो छिद्रं असतात आणि त्यांतून प्रथिनांची ये-जा अखंड चालू असते. आत जाणारा माल इम्पोर्टिन हे प्रथिन वाहून नेतं. लातूरच्या मोंढ्यात पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाला ते कुठे उतरवायचं हे सांगावं लागतं. इम्पोर्टिनला ते रॅन सांगतो. आत जीटीपीवाला रॅन त्याला येऊन बिलगतो आणि माल सुटतो. बाहेर जाणाऱ्या मालाचं नेमकं उलट असतं: एक्स्पोर्टिन हे प्रथिन रॅनला सोबत घेऊनच माल धरतं आणि बाहेर पडल्यावर जीटीपी तुटला की दोघांनाही सोडून देतं.

आता खरा नवलाचा भाग. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या पेशी विभागू लागल्या की केंद्रकाचं पटल विरघळून जातं. दारं गेली, भिंत गेली, आत-बाहेर हा भेदच उरला नाही. मग रॅनचं काम संपलं का? अजिबात नाही. आरसीसी-१ अजून गुणसूत्रांवरच आहे, त्यामुळे त्यांच्याभोवती जीटीपीवाल्या रॅनचं वलय टिकून राहतं. गुणसूत्रांना ओढून नेणारे तर्कुतंतू उभारायला लागणारी काही प्रथिनं इम्पोर्टिनने अडकवून ठेवलेली असतात. या वलयात ती सुटतात आणि तंतू नेमके गुणसूत्रांच्या आसपास वाढू लागतात. पोतं उतरवण्याचीच ही युक्ती, फक्त भिंतीविना.

हे उलगडलं बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात. रेबेका हील्ड, एरिक कार्सेंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये त्या अर्कात डीएनए चिकटवलेले सूक्ष्म मणी सोडले. प्राणिपेशीत या तंतूंच्या टोकांशी असणारं तारककाय नव्हतं, खरी गुणसूत्रंही नव्हती, तरी मण्यांभोवती तंतूंचा दोन टोकांचा तर्कू उभा राहिला! १९९९ मध्ये अनेक गटांनी दाखवलं की जीटीपी घट्ट धरून ठेवणारा रॅन अर्कात घातला, तर डीएनए नसतानाही तंतूंचे तारे फुलतात. २००२ मध्ये पेत्र कालाब, कार्स्टन वाइस आणि हील्ड यांनी चमकणारे संवेदक वापरून ते वलय प्रत्यक्ष दाखवलं.

अकरावीच्या प्रात्यक्षिकात कांद्याचं मूळ रंगवून पाहिलेल्या मुलांनी एक गोष्ट जरूर आठवावी. पाठ्यपुस्तकातल्या प्राणिपेशीच्या चित्रात तर्कूच्या टोकांशी तारककाय असतं. कांदा, सोयाबीन, तूर यांच्या पेशींत ते नसतंच, तरीही तर्कू उभा राहतो. वनस्पतींनी रॅनगॅपला आणखी एक काम दिलं आहे. ॲराबिडॉप्सिस या रोपट्यात २००८ मध्ये दिसलं की दोन पेशींमधली नवी भिंत जिथे जुन्या भिंतीला मिळणार, ती जागा रॅनगॅप आधीपासून धरून बसतं आणि विभाजन संपेपर्यंत हलत नाही.

महाराष्ट्रातही या विषयावर काम चालतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले जोमोन जोसेफ यांनी तिथे येण्याआधी अमेरिकेत मेरी डासो यांच्यासोबत २००४ मध्ये दाखवलं, की केंद्रकाच्या छिद्राच्या बाहेरच्या तोंडाशी असणारं रॅनबीपी-२ हे प्रथिन विभाजनाच्या वेळी रॅनगॅपसह गुणसूत्रांवरच्या पकडीच्या जागी जातं. ते काढून टाकलं तर तंतूंची गुणसूत्रांवरची पकड बिघडते. पुण्यात त्यांच्या गटाने याच प्रथिनाची इतर कामं शोधली.

आणि आरसीसी-१ गुणसूत्रांना ओळखतं कसं? रवींद्र माकडे आणि सॉंग टॅन यांच्या गटाने अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात त्याची अणुपातळीवरची रचना उलगडली आणि २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभाराचा एक पट्टा आहे. आरसीसी-१ चा एक फास नेमका तिथे जाऊन बसतो आणि शेजारून डीएनएलाही धरतो.