बर्झे-ला-व्हीलचे चॅपेल : क्लुनीच्या लुप्त चित्रकलेचा दुवा

प्रस्तावना

जाड भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी व लहान खिडक्या ही रोमानेस्क वास्तुशैलीची ठळक लक्षणे होत. अकराव्या-बाराव्या शतकांत पश्चिम युरोपात बहरलेल्या या शैलीचे एक प्रमुख केंद्र म्हणजे फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातील क्लुनीचा मठ. तेथे १०८८ मध्ये बांधण्यास घेतलेले चर्च सुमारे १८७ मीटर लांब होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मात्र ते विकले गेले आणि दगडांसाठी पाडण्यात आले. आज त्याचा अल्पसा भाग उभा आहे. तेव्हा क्लुनीची चित्रकला जाणावी कशी, हा प्रश्न अभ्यासकांसमोर उभा राहतो. मठापासून सुमारे १२ किलोमीटरवरील बर्झे-ला-व्हील या खेड्यातील लहानसे चॅपेल त्याचे काही अंशी उत्तर देते.

वास्तू व चित्रे

हे ठिकाण क्लुनीच्या मालकीचे असून मठाधिपती ह्यू (कार्यकाळ १०४९–११०९) याचे ते विश्रांतिस्थान होते. चॅपेल दुमजली आहे. बाह्यरूप साधे असल्याने वरच्या दालनात प्रवेश करताच दिसणारी चित्रे अधिकच प्रभावी वाटतात. वेदीवरील अर्धघुमटात बदामाच्या आकाराच्या प्रभामंडळात ख्रिस्त विराजमान आहे. तो संत पीटरला लेखपट देत आहे. दुसऱ्या बाजूस संत पॉल आहे. खालील भागात संतांच्या हौतात्म्याचे प्रसंग आहेत. वस्त्रांच्या चुण्यांवर ओढलेल्या बारीक प्रकाशरेषांत बायझंटाइन परंपरेचा प्रभाव जाणवतो. तो इटलीमार्गे आला असावा, असे मानले जाते.

जतन

ही चित्रे चुन्याच्या थराखाली झाकली गेली होती. १८८७ मध्ये तेथील धर्मगुरूंना ती आढळली. पुढे इंग्रज कला-इतिहासकार जोन इव्हान्स यांनी चॅपेल विकत घेऊन १९४७ मध्ये माकों येथील अकादमीस दान केले.

समारोप

चित्रे ह्यूच्या हयातीतील की त्यानंतरची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शिवाय मठाधिपतीच्या खासगी चॅपेलवरून महाचर्चच्या सजावटीचे सरसकट अनुमान काढणे योग्य ठरणार नाही. तथापि क्लुनीच्या आश्रयाखालील चित्रकारांची तयारी, विषयांची निवड आणि दूरच्या कलापरंपरांशी असलेला संबंध यांचा प्रत्यक्ष पुरावा येथेच मिळतो. म्हणून अभ्यासकाने आधी क्लुनीचे अवशेष पाहावेत व नंतर येथे यावे. म्हणजे काय गमावले आणि काय उरले, याची नेमकी कल्पना येते.