नेमणूकपत्रे दोन, मुलगा एक
कर्जतला रुळांना फाटे फुटतात, आणि कधी कधी घरातल्या मतांनाही! समजा, मुलाला दोन नेमणूकपत्रे आली. मुंबईच्या कचेरीत पगार जास्त. पण अंतर १०० किलोमीटर, जाऊन-येऊन चार तास. महिन्याचे २५ दिवस धरले तर १०० तास लोकलमध्येच! (बसायला जागा मिळाली तर भाग्य.) खोपोली अवघी १५ किलोमीटर. तेथे टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, मागून कारखाने आले. मात्र रात्रपाळी चुकत नाही. आणि कारखान्याला टाळे लागले, तर खालापूर तालुक्यात तशीच दुसरी नोकरी लगेच मिळेल याची हमी कोण देणार? आम्ही म्हणू, आधी पगारातल्या फरकातून पासाचे पैसे वजा करा, उरेल त्याला १०० ने भागा. त्या भावाने आपला तास विकायचा का, हे मुलालाच ठरवू द्या.