चिठ्ठ्या चार, जमीन एकच

रत्नागिरीतल्या संध्याकाळच्या वर्गात जावा शिकवताना मी उदाहरण हापूसच्या पेटीचंच घेते. डझन, दर, वाशीची दलाली यातलं काहीच इथल्या मुलांना समजावावं लागत नाही.

आधी साधा आकडा. ‘दर’ या व्हेरिएबलमध्ये ८००. तो ‘जुनादर’मध्ये भरला आणि मग ‘दर’ ९०० केला. जुनादर किती? ८००, सगळा वर्ग एका सुरात सांगतो. जावातले आठही प्रिमिटिव्ह प्रकार असेच वागतात. व्हेरिएबलच्या चौकटीत मूल्यच बसलेलं असतं.

मग पाच डझनांची ‘पहिली’ पेटी. ‘दुसरी’मध्ये ‘पहिली’ भरायची आणि दुसरीचे डझन चार करायचे. पहिलीत किती? बहुतेकांच्या वहीत पाच, स्क्रीनवर मात्र चार! इथे मी कीबोर्ड बाजूला ठेवून पेन्सिल घ्यायला लावते. दोन चौकटी, दोन बाण, दोन्ही बाण एकाच पेटीकडे. ‘न्यू’ एकदाच लिहिलंय, म्हणजे पेटी एकच. चौकटीत आहे तो तिचा पत्ता, म्हणजेच रेफरन्स.

सामाईक जमिनीचा गट नंबर चार चिठ्ठ्यांवर लिहून चार भावांना दिला, असं समजा. एकाने त्या गटातला फणस तोडला, तर तो चौघांचाही गेला. पण एकाने आपल्या चिठ्ठीवरचा नंबर खोडून दुसरा लिहिला, तर बाकीच्या तीन चिठ्ठ्या होत्या तशाच राहतात.

खरी गोची मेथडमध्ये होते. पेटी मेथडला दिली, आत डझन बदलले की बाहेरही बदलतात. म्हणून मुलं ‘ऑब्जेक्ट बाय रेफरन्स जातो’ असं पाठ करतात. हे वाक्य मला वहीत नकोच असतं. त्याच मेथडमध्ये मी ‘पेटी’ला ‘न्यू’ करून दहा डझनांची नवी पेटी द्यायला सांगते. बाहेर येऊन पाहावं तर जुनीच पेटी! मेथडने स्वतःची चिठ्ठी खोडली होती, एवढंच. जावा प्रत्येक वेळी चौकटीतल्या मजकुराची नक्कल देते. तो मजकूर कधी आकडा असतो, कधी पत्ता. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९७०च्या दशकात सीएलयू भाषेसाठी या पद्धतीला ‘कॉल बाय शेअरिंग’ म्हटलं होतं. मला ते नाव जास्त प्रामाणिक वाटतं.

हे पटलं की ‘इंटीजर’चं, म्हणजे आकडा धरणाऱ्या ऑब्जेक्टचं, कोडंही मुलं स्वतःच सोडवतात. ‘न्यू’ न लिहिता दोन इंटीजरमध्ये १२७ भरून ‘==’ लावलं तर उत्तर ‘ट्रू’; १२८ भरलं तर सहसा ‘फॉल्स’. -१२८ ते १२७ एवढ्यांचे ऑब्जेक्ट जावा तयार ठेवते, त्यामुळे दोन्ही बाण एकाच जागी जातात. १२८साठी ऑब्जेक्ट दोन बनतात, आणि ‘==’ तपासतं ते पत्ते. आतली किंमत जुळवायची तर ‘इक्वल्स’ वापरायचं.