‘शांत हो’ म्हणण्याआधी

माझा भाचा १९ वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे. रेल्वेचे वेळापत्रक त्याला तोंडपाठ. पण घरातला बेत ऐनवेळी बदलला की त्याचा आवाज चढतो, तो स्वतःचा हात चावून घेतो. अशा वेळी आम्ही सगळे एकच म्हणायचो, “शांत हो.” एकदा तो निवल्यावर मी विचारले, “एवढा कशाचा राग आला होता रे?” तो म्हणाला, “राग होता का तो? मामा, मला वाटलं मला बरं नाहीये.”

त्या उत्तराने मला वाचायला बसवले. मी बँकेत आयुष्य घालवलेला माणूस; मानसशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. मिळतील ते शोधनिबंध शब्दकोश शेजारी ठेवून वाचत गेलो. त्यातून जे उमगले ते इथे मांडतो.

आपली भाषा भावना शरीरातच दाखवते. पोटात गोळा येतो, तळपायाची आग मस्तकात जाते, जीव टांगणीला लागतो. शरीरातल्या या खुणेवरून ‘ही भीती’, ‘हा राग’ असे आपण नकळत ओळखतो. काहींना ही ओळखच पटत नाही. १९७०च्या दशकात पीटर सिफ्निऑस या मनोविकारतज्ज्ञाने त्याला ‘ॲलेक्सिथायमिया’ असे ग्रीक नाव दिले. अर्थ साधा आहे : भावनेला शब्द नसणे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांमध्ये हा प्रकार आढळला. इतरांमध्ये शंभरात पाचच्या आसपास. म्हणजे ‘स्वमग्न’ हा आपला शब्दच फसवा म्हणायचा. आपण ज्यांना स्वतःत बुडालेले समजतो, त्यांच्यापैकी अनेकांना स्वतःच्या आत काय चालले आहे हेच नीट वाचता येत नाही.

आता ‘शांत हो’चे काय होते ते पाहू. १९९८ साली जेम्स ग्रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने भावनेच्या प्रवासातली पाच ठिकाणे दाखवली, जिथे माणसाला काही करता येते. प्रसंग निवडणे, प्रसंगात बदल करणे, लक्ष दुसरीकडे वळवणे, त्याच प्रसंगाचा वेगळा अर्थ लावणे आणि शेवटी उमटलेली प्रतिक्रिया आवरणे. दुधाचे उदाहरण घ्या. साय थरथरू लागली की गॅस बारीक करता येतो. उतू गेल्यावर हातात उरते ते ओटा पुसणे. ‘शांत हो’ हा हुकूम पाचव्या ठिकाणचा, दूध उतू गेल्यानंतरचा. आणि ज्याला साय थरथरताना दिसतच नाही, त्याला आधीची चार ठिकाणे सापडायची कशी?

अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातल्या कार्ला मॅझेफ्स्की आणि अलाबामा विद्यापीठातल्या सुसान व्हाइट यांनी सहकाऱ्यांसह एक उपचारक्रम बांधला. नाव ‘इमोशनल अवेअरनेस अँड स्किल्स एनहान्समेंट’, थोडक्यात ‘ईझ’. क्रम नावातच आहे : आधी जाणीव, मग कौशल्य. १६ आठवडे, एका वेळी एकच मुलगा किंवा मुलगी आणि समोर उपचारक. पाया सजगतेचा. श्वास, छाती, जबडा यांकडे पाहायचे, चांगले-वाईट न ठरवता. दूध अजून वर आलेले नसताना ते ओळखायला शिकायचे. त्यापुढे मग भावना हाताळण्याच्या युक्त्या.

२०१९ साली या क्रमाचा पहिला अहवाल आला. किशोरवयीन २० मुलामुलींवरचा हा प्रयोग. भावनांवरचा ताबा वाढला, चिंता आणि नैराश्य कमी झाले, असे मुलांनी आणि पालकांनीही सांगितले. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे सगळे श्रेय उपचाराला देता येत नाही. तशी तुलना नेदरलँड्समध्ये ॲनेलीस स्पेक यांनी प्रौढांवर केली होती. २०१३च्या त्या अभ्यासात ४२ स्वमग्न व्यक्तींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. सजगता शिकलेल्या गटात चिंता, नैराश्य आणि तेच ते विचार घोळवणे कमी झाले. दुसऱ्या गटात तसे घडले नाही. शिकवताना त्यांनी उपमा आणि द्व्यर्थी बोलणे टाळले होते. मी वर दुधाची उपमा दिली ती तुमच्यासाठी. भाच्याला ती दिली असती तर त्याने गॅस कुठे आहे, असे विचारले असते.

मर्यादा उघड आहेत. संवादावर उभा असलेला हा उपचार, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी जसाच्या तसा चालणार नाही. शिवाय ताबा शिकवणे म्हणजे निमूट सोसायला शिकवणे नव्हे. कर्कश आवाजाने ज्याचे कान खरेच दुखतात, त्याच्यासाठी आवाज कमी करणे हे आपले काम आहे.

आमच्या घरी उपचार नाही, फक्त एक कागद आहे. त्यावर एक ते पाच आकडे आणि प्रत्येकापुढे भाच्याने स्वतः लिहिलेली शरीराची खूण. ‘तीन : जबडा घट्ट.’ महिने गेले, कागद भिंतीवर नुसता लटकत होता. गेल्या महिन्यात पाहुणे अचानक आले, तेव्हा तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “मामा, तीन झालेत,” आणि स्वतःहून गच्चीवर गेला. कोणी काही म्हणाले नाही.

या दिवाळीत सुतळी बॉम्ब कधी वाजवणार, हे शेजारच्या मुलांना मी आधीच विचारून ठेवले आहे. पाचव्या ठिकाणी धावण्यापेक्षा पहिल्या ठिकाणी उभे राहणे मलाही जमू लागले आहे.